चार कोपऱ्यांची चाल

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे भोंगा म्हणतात. जन्मला तेव्हा म्हणे असा रडला की शेजारपाजारचे लोक दार वाजवून विचारायला आले, काय झालं म्हणून. त्या एका रडण्यातच त्यानं जन्मभराचा आवाज खर्च करून टाकला असावा, कारण पुढे हा माणूस फारसा बोललाच नाही. मुका नाही तो. विचारलं तर उत्तर देतो. पण चार शब्दांत भागत असेल तर पाचवा काढणार नाही. आमच्या घरातलं बाकीचं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं आणि मी ते कधी कमी पडू दिलं नाही.

मी कोण ते आधी सांगतो. गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं माझं दुकान आहे. शाळा फार झाली नाही, पण आमच्या अख्ख्या बाजारात रेक्झिनचा कोपरा माझ्यासारखा कुणी वळवून दाखवावा. मोठमोठ्या गाड्यांचे मालक कंपनीचं कव्हर उतरवून माझ्याकडे येतात. ही फुशारकी नाही, जे आहे ते सांगतो. हा हात मला आईकडून आला. भोंग्याकडे आईचं दुसरं काहीतरी आलं, आणि ही सगळी गोष्ट त्या दुसऱ्याचीच आहे.

भोंगा लिफ्ट दुरुस्त करतो. उंच इमारतीच्या पोटात, अंधारात, लोखंडी दोरांच्या मधे उभं राहून ग्रीसमध्ये हात घालायचं काम. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की आतल्या माणसाचा जीव कसा होतो ते अडकल्याशिवाय कळत नाही. दुसरे मेकॅनिक वरून ओरडतात, घाबरू नका, येतोय. आमच्या भोंग्याला ओरडणं जमत नाही. तो गुणगुणतो.

एकदा माझ्या दुकानात एक बाई आल्या, गाडीचं मागचं सीट शिवून घ्यायला. सीट राहिलं बाजूला, त्या लिफ्टचंच सांगत बसल्या. त्या आणि त्यांचे सासरे लिफ्टमध्ये अडकले होते. सासऱ्यांना धाप लागली, यांचे हातपाय गार पडले. तेवढ्यात वरून कुणाचं तरी हळू आवाजात गुणगुणणं ऐकू आलं. सासरे म्हणाले, वरचा माणूस गातोय म्हणजे तो घाबरलेला नाही, मग आपण कशाला घाबरायचं. आणि खाली बसकण मारून ऐकत राहिले. मी मशीन थांबवलं आणि म्हणालो, "बाई, तो माझा भाऊ." त्या सीटला मी न सांगता दुहेरी टीप मारून दिली.

तर गुणगुणणं त्याचं जुनंच. त्याचं गाणं व्हायला लागलं ते फोनमुळे. हे एआय का काय म्हणतात ते आलं आणि भोंग्यानं फोनवर गाणी करायचं एक अ‍ॅप शोधून काढलं. कुणी शिकवलं नाही त्याला. एका सुट्टीच्या दिवशी दुकानात आला, माझ्यासमोर फोन ठेवला आणि बोट दाबलं. बासरी सुरू झाली, तबला लागला आणि एक बाई गायला लागली. मधल्या मजल्यावर थांबलेल्या माणसाचं गाणं होतं. खाली जाता येत नाही, वर जाता येत नाही, असं काहीतरी. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, पण ते गाणं कळलं.

मी विचारलं, ही गाते कोण. म्हणाला, कुणी नाही. मग बासरी कोण वाजवतंय. म्हणाला, मशीन. सगळंच मशीन मग तुझं काय, असं विचारल्यावर म्हणाला, "चाल माझी आहे, दादा."

नंतर मी खोदून खोदून विचारलं तेव्हा रीत कळली. फोनमध्ये तोंडानं चाल गुणगुणून द्यायची. खाली लिहायचं की संथ पाहिजे, बासरी पाहिजे, बाईचा आवाज पाहिजे. शब्द आपले द्यायचे किंवा त्यालाच लिही म्हणायचं. चहा गाळून होईपर्यंत गाणं तयार. आवडलं नाही तर पुन्हा कर म्हणायचं, ते कंटाळत नाही. फक्त त्यातल्या बाईला ‘ळ’ म्हणता येत नाही. ‘वेळ’ची ‘वेल’ करायची. भोंग्यानं तिच्याशी बरेच दिवस झगडून पाहिलं आणि शेवटी शब्दच बदलून ‘घडी’ केला. बाई सुधारत नसेल तर आपण जरा बाजूला सरकायचं, असा त्याचा स्वभाव.

मी मात्र बाजूला सरकणारा नाही. बाजारात मी प्रत्येकाला ती गाणी ऐकवली. आलेलं गिऱ्हाईक आधी भोंग्याची गाणी ऐकायचं, मग माप द्यायचं. शेजारचा बॅटरीवाला मला टोमणे मारायचा की यंत्रानं केलं त्यात तुझ्या भावानं काय उजेड पाडला. मी त्याला म्हणालो, तू बॅटऱ्या विकतोस, वीज काय तू तयार करतोस? पुढे त्यानंच एक गाणं आपल्या फोनवर मागून घेतलं.

आता आईचं सांगतो.

आमची आई घरी बसून चादरींच्या कडा शिवायची. हॉस्पिटलातून कापलेल्या पांढऱ्या चादरींचे गठ्ठे यायचे, चारी बाजूंनी दुमड घालून शिवायच्या आणि परत पाठवायच्या. पायाचं मशीन, काळं, आमच्या दोघांपेक्षा वयानं मोठं. शिवताना आई एक चाल गुणगुणायची. ओठ मिटलेले, आवाज नाकातून, शब्द नाहीत. कुठलं गाणं हे, असं विचारलं तर म्हणायची, गाणं कसलं, असंच येतं. आम्ही दोघांनी गठ्ठ्यांवर लोळून अभ्यास केला तो ती चाल ऐकत. म्हणजे अभ्यास भोंग्यानं केला, मी लोळलो. भोंगा लिफ्टच्या पोटात जे गुणगुणायचा त्यात अर्ध्याहून जास्त तीच चाल असायची, हे मला फार नंतर कळलं.

मधे आईच्या गळ्यात गाठ झाली. साधी निघाली, काढून टाकली, त्या बाबतीत आमचं नशीब चांगलं. पण आवाज गेला. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं होतं, त्यामुळे बोल लावायचा तरी कुणाला. आता आई बोलते तर नुसता वारा आल्यासारखं येतं. जवळ कान नेला तर कळतं. हाक मारायची असेल तर टाळी वाजवते. चादरींचं काम तिनं सोडलं, मशीनवर कापड टाकलं, आणि घरात एक गोष्ट कमी झाली जी आधी कधी मोजलीच नव्हती.

आई मात्र पहिल्यासारखीच खोडकर. मी एकदा जेवताना जरा जास्त बोललो, म्हणजे नेहमीइतका, तर तिनं माझ्या बायकोला जवळ बोलावलं आणि कानात म्हणाली की डॉक्टरांनी चुकून माझा काढला, काढायचा याचा होता. बायको हे अजून चारचौघांत सांगते.

एक दिवस भोंगा माझ्याकडे आला, फोन पुढे केला आणि म्हणाला, "दादा, ऐक." त्यानं कधीतरी आमच्या स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचा व्हिडिओ काढला होता, नळवाल्याला दाखवायला. समोर नळ, टप टप टप. आणि मागे, पलीकडच्या खोलीतून, मशीनची खडखड आणि आईचं गुणगुणणं. गाठ व्हायच्या आधीचं. माझी बायको भांडी आवरत होती, तिनं हातातलं भांडं तसंच धरून ठेवलं. आम्ही तिघं त्या टपटपणाऱ्या नळाकडे देवाकडे पाहावं तसं पाहत होतो.

भोंगा म्हणाला, "हे मी आईला परत देतो."

त्याच्या मनात काय होतं ते त्यानं एवढ्याच शब्दांत सांगितलं. आईचा आवाज आणता येणार नाही. पण आईची चाल आहे, आणि त्याच्याकडे चालीचं गाणं करणारं यंत्र आहे. ते गाणं घरात वाजत राहील, आईला ऐकता येईल. मला विचाराल तर यापेक्षा चांगला विचार कुठल्या मुलानं आपल्या आईसाठी केला नसेल. आजही मी हेच म्हणेन.

तो मन लावून बसला. जेवणाच्या सुट्टीत, इमारतीच्या गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनच्या खोलीत, कानात इअरफोनची बोंडं घालून. नळाच्या व्हिडिओचा आवाज त्यानं त्या अ‍ॅपला दिला. पहिली गाणी भलतीच आली. एकात तर लग्नाचा बँड वाजत होता. मग हळूहळू जमत गेलं. संथ झालं, बाईचा आवाज मऊ झाला, शब्द काढून टाकून नुसता हुंकार ठेवला. किती वेळा केलं असेल देव जाणे. फोन भरला. मग त्यानं आधीची कच्ची गाणी पुसली, जुने फोटो पुसले, तरी फोन भरलेलाच म्हणे. मग व्हिडिओ पुसायला घेतले आणि त्यात नळही गेला. मी त्याला नंतर विचारलं तेव्हा म्हणाला की गाणं झालं होतं ना, आई त्यात आली होती, मग नळ कशाला ठेवू.

कुणालाही तसंच वाटलं असतं. मशीनमधून कापड शिवून आलं की खडूच्या खुणा आपण झटकूनच टाकतो.

गाणं त्यानं मला आधी ऐकवलं. झकास होतं. बायकोला ऐकवलं, ती म्हणाली, हुबेहूब आई. मी गप्प बसणारा थोडाच. आईला ऐकवायच्या आधीच मी ते अर्ध्या बाजारात पोचवलं. माझ्या आईची चाल आणि माझ्या भावाचं गाणं म्हणून. लोकांना खरंच आवडलं. बॅटरीवाल्यानं रिंगटोन लावली. त्याचं बघून चहावाल्यानं लावली, गल्लीतल्या इस्त्रीवाल्यानं लावली. रस्त्यानं जाताना कुठल्या ना कुठल्या खिशातून ते वाजायचं आणि मी मान वळवून बघायचो, ओळखतात का मला.

मग एका सकाळी आम्ही आईला खुर्चीत बसवलं. मी खास त्यासाठी चांगला स्पीकर आणला होता. भोंग्यानं गाणं लावलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. अडकलेल्या लिफ्टचं दार उघडताना तो असाच उभा राहत असणार, आतल्या माणसाचं तोंड बघायला.

आईनं पूर्ण ऐकलं. मान डोलावली. मग हळूच म्हणाली, "छान आहे. कुणाचं आहे?"

आम्ही हसलो. आईचं थट्टा करणं आम्हाला माहीत. मी म्हणालो, अगं आता पुरे कर. पण भोंगा हसला नाही. तो तिच्या खुर्चीपाशी बसला आणि म्हणाला, "तुझंच आहे, आई. चादरीचं."

आईनं पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी डोळे मिटले. खुर्चीखाली तिचे पाय हलायला लागले, मशीनच्या पायट्यावर हलतात तसे. थोडे हलले आणि अडखळले. पुन्हा धरलं, पुन्हा अडखळले. माणसाची जिन्यावरची पायरी चुकते तसं झालं. तिनं डोळे उघडले.

"याच्यावर चादर शिवता यायची नाही," ती म्हणाली. "कोपरा कुठे आहे?"

मग तिनं आम्हाला सांगितलं. बोलताना तिला मधे मधे पाणी लागत होतं, म्हणून तुटक तुटक सांगितलं. चादरीची एक बाजू लांब, एक आखूड, परत लांब, परत आखूड. चालही तशीच. लांब बाजूला लांब ओळ, आखूड बाजूला आखूड. आणि कोपरा आला की गप्प. सुई कापडात रुतवून ठेवायची, कापड दाबून धरणारा लोखंडी दाब उचलायचा, कापड वळवायचं, दाब टाकायचा, मग पुढची ओळ. कोपऱ्यावर गात बसलं तर टीप वाकडी जाते. चौथा कोपरा झाला की दोरा दातानं तोडायचा, आणि तिथे चालीचं तोंड परत पहिल्या सुराला यायचं. चादर झाली की चाल झाली.

मी आयुष्यभर कोपरे वळवतोय. सुई रुतव, दाब उचल, वळव. माझ्या हाताला हे झोपेतही येतं. आणि ती चाल मी जन्मापासून ऐकली, पण हे दोन्ही एकच आहे हे मला कधी सुचलं नाही. म्हणजे ती चादर गात होती, आणि आम्ही तिच्यावर लोळत होतो.

भोंग्यानं गाणं परत ऐकलं तेव्हा त्याच्या सगळं ध्यानात आलं. त्या यंत्राला नळ काय आणि आई काय. नळ एकसारखा टपटपत होता, त्यानं तो ताल धरला. आईची चाल वाकडीतिकडी वाटली, ती त्यानं नळाच्या तालात बसवून दिली. लांब ओळ कापली, आखूड ओढून लांब केली, चारी सारख्या. कोपऱ्यावरची शांतता त्याला रिकामी जागा वाटली, तिथे तबला भरला. कसं गोल गरगरीत झालं सगळं. म्हणूनच लोकांना आवडलं, कुठे अडखळायला होत नव्हतं.

मी म्हणालो, त्यात काय एवढं, पुन्हा कर. या वेळी कोपरे ठेवायला सांग.

तो म्हणाला, "कशावरून करू, दादा? नळ पुसला."

मग चाल पुन्हा गुणगुणून दे, तुला तर ती पाठ आहे. त्यानं तोंड उघडलं आणि गाणं आलं. गोल, तबल्यासकट. परत थांबला, पाणी प्यायला, पुन्हा सुरू केली. पुन्हा गाणंच. इतके दिवस ते कानात घालून बसला होता, खालची मूळ चाल त्याच्या डोक्यातून कधी निघून गेली त्याचं त्यालाही कळलं नाही. बायकोला विचारलं, तिनंही गाणंच गुणगुणलं. माझा प्रश्नच नव्हता. मी गुणगुणलो तर लोक विचारतात, दुखतंय का.

मग मला नळवाला आठवला. व्हिडिओ त्याला पाठवला होता म्हणजे त्याच्याकडे असणार. मी भोंग्याला घेऊन तडक त्याच्या दुकानात गेलो. वाटेत त्याला म्हणालो, तू काळजी करू नकोस, मी आहे ना. नळवाला पाइपला आटे पाडत होता. मी सांगितलं की माझी आई तुझ्या फोनमध्ये आहे. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग भोंग्याकडे, मग हात पुसून फोन काढला. बिचारा चांगला माणूस. बोटानं वर वर वर जात राहिला. किती घरांचे नळ, किती संडास, किती फुटक्या टाक्या. आणि सापडला. आमचाच नळ. धुरकट दिसत होता, पण आमचाच, मागच्या फरशीवरून मी ओळखला. मी भोंग्याच्या पाठीवर थाप मारली.

नळवाल्यानं त्यावर बोट ठेवलं. फोननं सांगितलं की ही फाइल आता उपलब्ध नाही, ज्यानं पाठवली त्याला परत पाठवायला सांगा.

ज्यानं पाठवली तो माझ्या शेजारीच उभा होता.

नळवाल्यानं दोन-तीनदा बोट दाबून पाहिलं. म्हणाला, पाहिलं होतं मी तेव्हा, वायसर बदलला होता. मागे कुणीतरी गात होतं, तेही आठवतंय. भोंग्यानं विचारलं, कसं गात होतं? नळवाला ओशाळला. म्हणाला, "भाऊ, मी नळ बघत होतो."

परत येताना भोंगा बोलला नाही, पण ते नेहमीचं न बोलणं नव्हतं. मीही बोललो नाही. आम्ही दोघं गप्प चाललोय हे बघून चहावाल्यानं विचारलं, कुणी गेलं का. आणि तेवढ्यात त्याच्याच खिशात फोन वाजला, गाणं सुरू झालं, गोल गोल.

आता चाल फक्त आईकडे राहिली होती. तिला येत होती, पूर्ण येत होती, चारी कोपऱ्यांसकट. फक्त बाहेर काढायला आवाज नव्हता.

यावर भोंग्यानं उपाय काढला. तो मेकॅनिक आहे, बिघाड सापडेपर्यंत एकेक मजला तपासायची त्याची सवय. त्यानं मशीनवरचं कापड काढलं, तेल घातलं, पट्टा बसवला. मी एक पांढरी चादर कापून आणली, त्याच मापाची. आईला मशीनवर बसवलं, कारण पाय चालल्याशिवाय आपल्याला चाल येत नाही असं तीच म्हणाली. मग भोंगा एक सूर गुणगुणायचा आणि आईकडे बघायचा. आई हात वर न्यायची म्हणजे वरचा सूर. खाली न्यायची म्हणजे खालचा. तळहात सपाट धरला म्हणजे बरोबर, थांब इथेच. लिफ्टच जणू. एकेक सूर असा शोधायचा, मग मागचे सगळे जोडून परत पहिल्यापासून. मी चादर धरून बसायचो, आई शिवेल तेवढीच पुढे सरकवायचो.

पहिल्या लांब बाजूला बरेच दिवस गेले. भोंगा कामावरून आला की हातपाय धुऊन थेट मशीनपाशी. पण एका संध्याकाळी ती बाजू पूर्ण झाली. भोंग्यानं पहिल्यापासून गुणगुणली, आईचे पाय अडखळले नाहीत, टीप सरळ शेवटापर्यंत आली, कोपऱ्यावर आईनं सुई रुतवली आणि भोंगा गप्प झाला. आईनं दाब उचलला, कापड वळवलं. त्या गप्प बसण्यात माझ्यासारख्या सुरातलं काही न कळणाऱ्या माणसालाही आमचं लहानपणचं घर ऐकू आलं. मी दुसरीकडे बघितलं.

आखूड बाजूवर गाडी बिघडली. भोंगा दोन सूर बरोबर घ्यायचा आणि तिसऱ्याला गाण्यावर घसरायचा. आई मान हलवायची, परत पहिल्यापासून. कशीबशी तीही बाजू झाली, पण आईला ती पटलेली नव्हती. शिवून झाल्यावर टिपेवरून बोट फिरवत राहिली. बाहेर गल्लीत सतत कुणाचा ना कुणाचा फोन वाजत होता, तेच गाणं. मी इस्त्रीवाल्याकडे गेलो, चहावाल्याकडे गेलो, त्यांना रिंगटोन काढायला सांगितली. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. इतके दिवस ज्यानं गळ्यात मारलं तोच काढा म्हणतोय. आणि आता ते कुणाकुणाकडे गेलं होतं, मी तरी कुठे कुठे फिरणार.

तिसरी बाजू लांब. भोंग्यानं पहिला सूर दिला. आईचा हात वर गेला. दुसरा सूर. हात खाली आला. तिसरा सूर दिला आणि आईचा हात मधेच थांबला. वर नाही, खाली नाही, सपाटही नाही. आम्हाला वाटलं दमली. वाट बघितली. भोंग्यानं तोच सूर पुन्हा दिला, जरा वरचा दिला, जरा खालचा दिला. आईचा हात तसाच.

मग तिनं तो मांडीवर ठेवला. भोंग्याला जवळ बोलावलं. मी पलीकडे चादर धरून होतो, तरी मला ऐकू आलं, घर इतकं शांत होतं.

"आता मलाही तुझंच ऐकू येतंय रे," ती म्हणाली.

भोंगा म्हणाला, उद्या बघू. आईनं मान हलवली. तिनं चादर मशीनमधून सोडवली, दोरा दातानं तोडला, घडी घातली. दोन बाजू शिवलेल्या, दोन उघड्या. ती अजून कपाटात आहे. माझ्या बायकोनं एकदा विचारलं, उरलेल्या दोन बाजू तुम्हीच शिवून टाका की, तुमचा तर हातखंडा आहे. खरंय. मी डोळे मिटून शिवेन. पण मी हात लावला नाही.

माझ्या भावाला कुणी नावं ठेवायची नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्यानं चोरलं नाही, विकलं नाही, आईचं आईला द्यायला गेला. गाणं आजही चांगलंच आहे, ज्यांना ते ऐकून बरं वाटतं त्यांना वाटू दे. कुणी मला विचारलं तर मी सांगतो की हे माझ्या भावाचं. आधी म्हणायचो आईची चाल, ते आता म्हणत नाही.

भोंग्यानं ते अ‍ॅप काढून टाकलं. नवीन गाणं केलं नाही. मी एकदा म्हणालो, अरे दुसऱ्या चाली कर, तुझ्या स्वतःच्या. म्हणाला, बघू. त्याचं बघू म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मधे त्या बाई पुन्हा आल्या, सीटची टीप एके ठिकाणी उसवली म्हणून. उसवली नव्हती, त्यांच्या नातवानं कात्री लावली होती, ते मी त्यांना दाखवून दिलं. मी शिवायला घेतलं तेव्हा त्या सांगू लागल्या की लिफ्ट परत अडकली होती. सासरे बरोबर होतेच. ते म्हणे खाली बसकण मारून वर कान लावून बसले, पण या वेळी वरून दुसराच कुणी होता. घाबरू नका, येतोय, असं ओरडत होता. काम चांगलं केलं त्यानं, लवकर बाहेर काढलं, तक्रार नाही. पण सासरे दिवसभर विचारत होते, तो गुणगुणणारा कुठे गेला.

"तुमच्या भावाची बदली झाली का हो?" त्यांनी विचारलं.

मी कोपऱ्यावर आलो होतो. सुई रुतवली, दाब उचलला, रेक्झिन वळवलं.

"तोच होता, बाई," मी म्हणालो, आणि दाब टाकला.